दोन इंची पाणी आणि साठ लाखांचा फ्लॅट

मार्च उलटला की पुण्याच्या कडेने एकच वाद सुरू होतो. वाघोली, उंड्री, पिसोळी, बावधन, सूस, म्हाळुंगे इथल्या सोसायट्यांच्या दारात टँकरची रांग लागते आणि लोक दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो, पाणी नाही तिथे पैसे घातलेत कशाला, आता भोगा. दुसरा म्हणतो, आज टँकर आहे, उद्या नळ येईल, आणि नळ आला की भाव दीडपट. ज्याला कळत नाही त्याने बोलू नये. अधूनमधून कोणी ‘टँकर माफिया’ असा शब्द टाकतो, मग सगळ्यांचे एकमत होते आणि विषय संपतो. या सगळ्यांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: पाणी ही बाहेरून येणारी सोय आहे, रस्त्यासारखी किंवा मेट्रोसारखी, आज नाही तर पाच वर्षांनी मिळणारी. मला हे मुळातच चुकीचे वाटते. पाणी हा मालमत्तेचा भाग आहे, भिंत आणि स्लॅब जितका असतो तितकाच. ते हिशोबात न धरता सांगितलेली फ्लॅटची किंमत अर्धवट असते, आणि तिचा उरलेला भाग विकणाऱ्याऐवजी दुसरेच कोणीतरी भरत असते.

समोरच्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. पाणी नसताना भाव वाढले, हे खरे आहे. बाणेर-बालेवाडीच्या पाण्याचे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, तरी तिथले दर खाली आले नाहीत. खराडी, वडगाव शेरी, विमाननगर हा पूर्व भाग वर्षानुवर्षे अपुऱ्या पाण्यावर वाढला. भामा आसखेड धरणाचे पाणी तिथे पोहोचले ते 2021 च्या सुरुवातीला. त्याआधी घेतलेल्यांना तोटा झाला असे कोणी म्हणणार नाही. पण भाव वाढले म्हणजे पाण्याला किंमत नव्हती असे ठरते का? भाव आयटीच्या नोकऱ्यांनी वाढवले, विमानतळाच्या जवळिकीने वाढवले. वाढ एवढी मोठी होती की पाण्याची तूट तिच्याखाली झाकली गेली. आणि भामा आसखेडचा दाखला देणारे एक विसरतात: ती योजना किती वर्षे रखडली, धरणग्रस्त शेतकऱ्यांनी पुनर्वसनासाठी काम किती वेळा थांबवले. ‘नळ येणारच’ यातल्या ‘च’ची तारीख शेवटी कोणत्या गावाची जमीन धरणात गेली आणि त्या गावाला काय मिळाले यावरून ठरते.

आता आकडे मांडू. घरगुती वापराला माणशी दररोज 135 लिटर हे नियोजनाचे रूढ प्रमाण. चौघांच्या घराला 540 लिटर. दोनशे फ्लॅटची सोसायटी असेल तर दिवसाला 1,08,000 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास अकरा टँकर. टँकरचा दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतो. हिशोबाला सरासरी हजार रुपये धरा. महिन्याला 3 लाख 30 हजार, फ्लॅटमागे 1,650, वर्षाला 19,800. हा खर्च देखभाल शुल्कात मिसळला जातो, आणि भाड्याने दिलेल्या फ्लॅटचे देखभाल शुल्क आपल्याकडे बहुतेक वेळा मालकच भरतो. साठ लाखांच्या फ्लॅटला महिना 18,000 भाडे मिळत असेल तर वर्षाचे 2 लाख 16 हजार, म्हणजे 3.6 टक्के. त्याच 3.6 टक्क्यांनी टँकरचे 19,800 भांडवलात मोजले तर साडेपाच लाख होतात. याचा अर्थ, शेजारच्या नळ असलेल्या तशाच फ्लॅटपेक्षा हा फ्लॅट साडेपाच लाखांनी, नऊ टक्क्यांनी स्वस्त असायला हवा. असतो का? रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर पाण्याप्रमाणे बदलत नाही. बँकेचा मूल्यांकनकार गाडी घेऊन येतो, रस्ता किती रुंद, इमारत किती जुनी, लिफ्ट आहे का, हे पाहतो. पाण्यापुढे ‘बोअर/टँकर’ असे लिहून पुढे जातो. साडेपाच लाख विकणाऱ्याच्या खिशात राहतात आणि महिन्याचे 1,650 घेणाऱ्याच्या खिशातून जातात.

‘पण आमच्या प्लॉटमध्ये चार बोअर आहेत’ असे उत्तर इथे येते. येऊ दे. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टवर बसला आहे, आणि या खडकात पाणी कसे राहते हे बोअरच्या गाडीशेजारी तासभर उभे राहिले की दिसते. साडेसहा इंची बिट आधी माती आणि मुरूम फोडतो, तिथे केसिंग उतरवतात. मग मांजऱ्या खडक लागतो, भोकाभोकांचा, झिजलेला. त्यात कुठेतरी पहिले पाणी भेटते आणि वर उडणारी करडी भुकटी चिखल होते. त्याखाली काळा पाषाण: अखंड, कोरडा, फूटभर उतरायलाही वेळ घेणारा. दोन लाव्हा थरांच्या सांध्यात कधी तांबडी माती येते, तिच्या आसपास थोडे पाणी मिळते, कधी मिळत नाही. पाचशे फुटांवर जे लागते ते भेगांमध्ये कधीकाळी साठलेले. उपसले की तिथे नवे यायला वर्षे लागतात. गाडीवाला कॉम्प्रेसरच्या हवेने बोअर फुंकतो, बाहेर पडणारे पाणी खाचेच्या पट्टीवर इंचांत मोजतो आणि सांगतो, ‘दोन इंची पाणी आहे, साहेब.’ हे वाक्य सहसा सप्टेंबर-ऑक्टोबरात उच्चारले जाते, कारण बोअर मारायचा मुहूर्त तेव्हाच सोयीचा असतो. विक्रीच्या कार्यालयात तेच दोन इंच वर्षभर राहतात. खडकात मात्र ते फेब्रुवारीत एक इंच असतात आणि एप्रिलअखेर मोटर पाच मिनिटे चालून हवा ओढू लागते.

आता तोच दोनशे फ्लॅटचा प्लॉट घ्या, दोन एकरांचा, म्हणजे साधारण 8,000 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरला तर त्या जागेवर 56 लाख लिटर पाणी पडते. बेसाल्टच्या मुलखात त्यातले दहाएक टक्के मुरते, तेही वर काँक्रीट नसेल तर. म्हणजे 5 लाख 60 हजार लिटर. सोसायटीची गरज दिवसाला 1 लाख 8 हजार. स्वतःच्या जमिनीखालचे, दरवर्षी भरले जाणारे पाणी सोसायटीला पाच दिवस पुरते. पडलेला थेंब न् थेंब टाक्यांत साठवला, छतावरचा, रस्त्यावरचा, बागेतला, तरी बावन्न दिवस. उरलेले तीनशेहून जास्त दिवस ती बोअर कोणाचे पाणी उपसते? कायद्याचा जुना पाया, 1882 चा सुखाधिकार कायदा, असे मानतो की आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. चार एकरांत एक विहीर आणि तिच्यावर मोट, अशा काळात ते चालून गेले. दोनशे कुटुंबे एका उभ्या इमारतीत आली आणि सहाशे फुटांवर सबमर्सिबल उतरली की ‘माझ्या जमिनीखालचे’ या शब्दांना अर्थ उरत नाही. बावधनच्या इमारतींची बोअर चार प्लॉट पलीकडच्या जुन्या विहिरीला कोरडे पाडते. सातबाऱ्याची हद्द खडकाच्या भेगेला माहीत नसते.

याच हिशोबाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण पावसाचे पाणी साठवण्यावर फार भाबडे बोलले जाते. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. खड्डा खणून त्यात गोटे-वाळू भरली, छताचा पाइप त्यात सोडला, फोटो काढला, दाखला मिळाला. दोन पावसाळ्यांनी वाळूवर गाळाचा पापुद्रा बसतो आणि खड्डा डासांचा होतो. तो दरवर्षी मेमध्ये उपसावा लागतो, पहिल्या पावसाचे घाण पाणी वळवणारा वॉल्व्ह लागतो, आणि तो खड्डा काळ्या पाषाणावर असेल तर पाणी मुरणारच नाही. नीट केले तरी गणित वर दिलेलेच. फ्लशला माणशी 45 लिटर लागतात, एकूण वापराच्या एक तृतीयांश. ते प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर नेले तर आपल्या दोनशे फ्लॅटच्या सोसायटीचे दिवसाला साडेतीन टँकर वाचतात. पावसाच्या खड्ड्यापेक्षा हा फायदा कितीतरी पक्का. पण त्यासाठी फ्लशची पाइपलाइन इमारत बांधतानाच वेगळी टाकावी लागते. नंतर टाकायची तर प्रत्येक बाथरूमची फरशी फुटते. घेणाऱ्याने विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि तो क्वचितच विचारला जातो.

भूजल गुंतवणुकीला फक्त कमतरतेने छळत नाही, जास्त असल्यानेही छळते. दोन मजली पार्किंगसाठी सात-आठ मीटर खोदाई केली की ती बहुतेक वेळा मांजऱ्याच्या पाणीधरत्या थरातून आरपार जाते. बांधकामभर पंप लावून ते पाणी नाल्यात सोडले जाते आणि त्याच काळात शेजारच्या सोसायटीची बोअर आटते. इमारत उभी राहिल्यावर पाणी परत वर येते, तळघराच्या भिंतीतून झिरपते, राफ्टला, म्हणजे पायाच्या स्लॅबला, खालून दाब देते. वॉटरप्रूफिंग खोदाईच्या बाजूने, मातीकडून, केलेले असेल तरच टिकते. आतून मारलेले रसायन दोन पावसाळ्यांत फुगून सुटते. मग तळघरातला पंप वर्षभर चालू, वर टँकर चालू. एकाच इमारतीत खाली पाणी बाहेर फेकायचे आणि वर पाणी विकत आणायचे, हा प्रकार पुण्यात नवा नाही. पूररेषेचे तेच. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने, 25 जुलै 2024 ला खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत जे झाले, त्यानंतर निळ्या आणि लाल रेषेचा नकाशा न पाहता तळमजला घेणाऱ्याला गुंतवणूकदार म्हणणे अवघड आहे.

जकार्ता आणि मेक्सिको सिटी भूजल उपसल्याने खचत आहेत, इमारती कलताना दिसतात, आणि इंडोनेशियाने 2019 मध्ये राजधानी हलवायचे जाहीर केले त्याचे हेही एक कारण. आपला खडक खचत नाही. एका अर्थी हे नशीब, दुसऱ्या अर्थी अडचण: नुकसान दिसत नाही. इमारत सरळ उभी राहते, फक्त पाण्याचा कस उतरतो. बोअरच्या पाण्याची कठीणता भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आणि पर्याय नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायची. खोल बोअरचे पाणी या वरच्या टोकाकडे सरकते. मग गीझरची कॉइल वर्षभरात पांढऱ्या कवचात जाते, शॉवरची भोके बुजतात, सोसायटी सॉफ्टनर बसवते आणि महिन्याला मिठाची पोती आणते. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेले असेल तर सांडपाणी किंवा सेप्टिक टाकी बोअरपर्यंत पोहोचली आहे असा संशय घ्यावा. 2025 च्या जानेवारीत गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण जिथे एकवटले ती नांदेड गाव, किरकटवाडी ही ठिकाणे 2021 मध्ये महापालिकेत आलेल्या तेवीस गावांतली, खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याशी. शहराला पाणी पाजणारे धरण डोळ्यासमोर, आणि स्वतःच्या पाण्याबद्दल शंका. महापालिकेत गेले की पाण्याचा प्रश्न सुटतो, असे म्हणणाऱ्यांनी या गावांत एक फेरी मारावी.

आणखी एक आक्षेप मी हलका मानत नाही. शेती भूजलाचा सिंहाचा वाटा उपसते. उसाला पाट सोडायचा आणि फ्लॅटवाल्याला गुन्हेगार ठरवायचे? हे खरे आहे, राज्याच्या हिशोबात गृहसंकुलांचा उपसा किरकोळ आहे. पण बेसाल्टमधले जलधर, म्हणजे पाणी धरणारे थर, राज्याएवढे नसतात, एखाद्या टेकडीएवढे असतात. पाणी तिथेच संपते जिथे उपसले जाते. शिवाय शेतातले काही पाणी परत मुरते, फरशीवरचे गटारात जाते. आणि टँकर भरतात कुठून? बहुतेक शेजारच्या गावातल्या पाच-दहा विहिरींतून, जिथल्या शेतकऱ्याला आता गव्हापेक्षा पाणी विकणे परवडते. शंभर विहिरींवर पसरलेला उपसा दहा विहिरींवर एकवटतो आणि त्या विहिरीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावाच्या पिण्याच्या पाण्याचा उन्हाळा लवकर येतो. 1993 चा कायदा सार्वजनिक पिण्याच्या स्रोताभोवती 500 मीटरमध्ये विना परवानगी नवी विहीर नको म्हणत होता. 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून अमलात आला, नियमांचा मसुदा 2018 मध्ये हरकतींसाठी निघाला. कागद आहेत. टँकर भरणारी विहीर मात्र कोणत्याही मीटरवर नाही.

‘पाण्याची अट घातली तर घरे महाग होतील, गरिबाने जायचे कुठे?’ हाही प्रश्न विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा गरीब नसतात. महाग तर ती आत्ताच आहेत. फक्त पैसे हप्त्याने आणि न सांगता घेतले जातात. टँकरची वाढ पहिल्यांदा कोणाला लागते? पहिले घर घेणाऱ्याला, ज्याचा हप्ता पगाराच्या निम्म्याला टेकलेला असतो, आणि भाडेकरूला, ज्याला मेमध्ये सकाळी दोनच तास पाणी मिळते आणि जून उजाडताच जो दुसरीकडे जातो. गुंतवणूकदार मालकाला तो रिकामा महिना ‘मार्केट मंद आहे’ असा वाटतो.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तळ्यातून माणूस आत चालू शकेल एवढा बंदिस्त नळ शहरापर्यंत आणला गेला, वाटेत हवेसाठी उच्छ्वास, शेवटी हौद. नव्या पेठा त्या हौदांभोवती भरत गेल्या. आधी पाणी, मग वस्ती हा क्रम होता. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शहर वसवताना जमिनीखालचे झिरपे गोळा करणारी नहरही बांधली. या दाखल्यांची आरती मला करायची नाही. ते पाणी कोणाला मिळे आणि कोणाला नाही हे जातीने ठरत होते, म्हणून तर 1868 मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला. पण एवढे दिसते की पाणी कोणाच्या ताब्यात, हे तेव्हा कोणी लपवत नव्हते. आजच्या परवानगीत विकसकाकडून हमीपत्र घेतात: पालिकेचे पाणी उपलब्ध होईपर्यंत पाण्याची व्यवस्था मी करीन. इमारत हस्तांतरित होते, सोसायटी स्थापन होते, आणि ते हमीपत्र फायलीत राहते. त्याची तारीख संपत नाही आणि त्याने कोणी बांधले गेलेलेही नसते.

म्हणून मागणी पाइपलाइनची नव्हे, आकड्याची हवी. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, नोंदणीत कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये दोन दशांशांपर्यंत लिहिला जातो, तसे पाणीही लिहावे: स्रोतनिहाय लिटर, ऑक्टोबरचे आणि मेचे वेगळे, तूट असेल तर टँकरचा अंदाजित खर्च आणि तो कोणत्या तारखेपर्यंत विकसक देणार. बोअरची उपसा चाचणी एप्रिलनंतरची, किमान काही तास सलग चालवलेली, पाणी किती खाली गेले आणि बंद केल्यावर किती वेळात परत आले याच्या नोंदीसह. बँकेने कर्ज देताना हाच कागद मागावा. यात नवीन तंत्र काही नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा अशा चाचण्या कितीतरी वर्षे करते आहे.

तोवर घेणाऱ्याने स्वतः करण्याजोगे थोडे आहे. पुनर्विक्रीचा फ्लॅट असेल तर सोसायटीच्या मार्च ते मे महिन्यांच्या टँकर बिलांची प्रत मागा, वार्षिक सरासरी नको. सरासरीत पावसाळा उन्हाळ्याला झाकतो. वॉचमनच्या टेबलावर टँकरची वही असते: गाडी नंबर, वेळ, सही. त्यातला 15 मे नंतरचा आठवडा वाचा. भूमिगत टाकीत उतरवलेली पट्टी बघा, ती टँकर आल्यावरच ओली होते की एरवीही. टँकर दहा हजारांचा म्हणून मोजला जातो तो खरोखर तेवढा ओततो का हे इनलेटच्या मीटरवर कळते. मीटर नसेल तर सोसायटीला कधी फसवले गेले हे तिलाही माहीत नाही. आणि मग विकणाऱ्यासमोर बसून टँकरच्या वार्षिक खर्चाला भाड्याच्या टक्केवारीने भागा, वर केले तसे, आणि येणारा आकडा किमतीतून वजा करून सांगा. बहुतेक विक्रेते हसतात. जो हसत नाही आणि वही पुढे करतो, त्याच्याकडे दोन तास थांबायला हरकत नाही.